पुरात बुडालेला तंबोरा आणि मिरजेतला एक कारखाना

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा गावभागातील आमच्या गाण्याच्या बाईंच्या घराचा तळमजला चार दिवस पाण्याखाली होता. औषधे, कागदपत्रे, धान्याचे डबे आणि शेजारची दोन वयस्कर माणसे माडीवर नेण्यातच रात्र सरली आणि कोपऱ्यात गवसणी घालून उभा केलेला तंबोरा तेवढा खाली राहिला. पाणी ओसरल्यावर तो चिखलात आडवा सापडला. तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी, भोपळ्यापासून सुटली होती, दांडीला बाक आला होता, भोपळा हाताला मऊ लागत होता आणि आतून कुजका वास येत होता. हा तंबोरा मिरजेतल्या ज्या कारखान्यात पुन्हा उभा राहिला, त्या कारखान्याच्या कामाविषयी मला लिहायचे आहे. कारागिरांनी आपले नाव छापू नये अशी विनंती केली असल्यामुळे ते येथे देत नाही. सतारमेकर गल्लीत ‘पुरातला तंबोरा कोणी केला’ एवढे विचारले तरी घर सापडते.

आधी सांगायला हवे की, मिरज हे आमचे पहिले पाऊल नव्हते. बाईंच्या एका शिष्याने दूरच्या शहरातील वाद्यविक्रेत्याला छायाचित्रे पाठवली होती आणि त्याने एका ओळीत उत्तर दिले होते की, यात काही उरलेले नाही, नवा घ्यावा. बाईंनी त्यावर काहीच म्हटले नाही, पण तंबोरा टाकूही दिला नाही. शेवटी मीच तो जुन्या नऊवारीत गुंडाळून टेम्पोतून मिरजेला नेला.

मीरासाहेबांच्या दर्ग्यापासून हाकेच्या अंतरावर असलेला हा कारखाना म्हणजे राहत्या घराची पुढची खोली आहे. जमिनीवर बसून, दांडी पायाच्या अंगठ्यांत धरून पटाशी चालवणारी दोन माणसे, आढ्याला टांगलेले वाळके भोपळे, कोपऱ्यात लाखेच्या पॉलिशचा वास आणि भिंतीला टेकवलेल्या, अजून तारा न चढलेल्या दांड्या असे तिथले चित्र असते. चाचांनी (गल्लीत सगळे त्यांना चाचाच म्हणतात) नऊवारी उलगडली, सुटलेल्या तबलीची कड बोटाने चाचपली आणि म्हणाले, “ताई, हा सरसानं जोडलेला आहे. म्हणून वाचला.” सरस म्हणजे प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुन्या पद्धतीचा गोंद; तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे महापुराच्या पाण्यात सांधे सुटले, पण लाकूड फाटले नाही. तोच तंबोरा पाण्याला दाद न देणाऱ्या आजच्या एखाद्या गोंदाने जोडलेला असता, तर फुगलेल्या लाकडाला सुटायला वाट मिळाली नसती आणि तबली मधोमध चिरली असती. जे आम्हांला नासधूस वाटत होते, ते त्यांना नीट उकललेल्या शिवणीसारखे दिसत होते. मी आत्तापर्यंत अनेक दुकानांत वाद्ये दाखवली आहेत, पण वाद्याला काय झाले याबरोबरच ते तसे का झाले, हे सांगणारा माणूस मला तिथे पहिल्यांदा भेटला.

त्यांनी त्याच दिवशी तीन गोष्टी स्पष्ट केल्या. तूणीच्या लाकडाची दांडी आणि तबली वाचेल. भोपळा वाचणार नाही. आणि काम सुरू करण्यापूर्वी लाकूड कित्येक महिने सावलीत वाळावे लागेल, कारण ओल्या लाकडावर केलेला सांधा पुढच्या उन्हाळ्यात उघडतो. दांडीचा बाक काढण्यासाठी त्यांनी ती सरळ फळीवर सुतळीने आवळून ठेवली आणि दर आठवड्याला ती सुतळी थोडी थोडी ताणत गेले. मी मधून मधून जात असे तेव्हा दांडी भिंतीशी तशीच बांधलेली दिसे. उन्हात ठेवून किंवा शेक देऊन हे लवकर झाले नसते का, असे मी एकदा विचारले. लवकर सरळ झालेले लाकूड लवकरच पुन्हा वाकते, असे त्यांचे उत्तर होते, आणि गेल्या काही वर्षांत त्या दांडीने केसभरही जागा सोडलेली नाही.

भोपळ्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा नव्हे. तो जाड सालीचा कडू भोपळा असतो आणि मिरजेला तो मुख्यतः भीमेच्या खोऱ्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. चाचांचे तिथल्या दोन शेतकरी घरांशी वडिलांच्या काळापासून येणेजाणे आहे. फळ वेलीवर असतानाच ते एका कुशीवर पडू नये म्हणून त्याला आधार द्यावा लागतो, नाहीतर एक बाजू चपटी होते आणि तसा भोपळा तंबोऱ्याला चालत नाही; शेतकऱ्याने एवढी मेहनत घ्यायची तर कारागीर आपले पीक नक्की उचलणार, हा भरवसा त्याला हवा असतो. म्हणून हंगाम कसाही असो, चाचा त्या घरांचा माल घेतात आणि जो लगेच लागत नाही तो आढ्याला टांगून ठेवतात. बाईंच्या तंबोऱ्यासाठी त्यांनी जुन्या भोपळ्याचा घेर सुतळीने मोजला, आढ्याकडे पाहिले आणि सात वर्षांपूर्वी आणलेला एक भोपळा काठीने उतरवला. बोटाच्या पेराने तो चार ठिकाणी वाजवून पाहिला, परत ठेवला आणि दुसरा उतरवला. दोन्हींच्या आवाजातला फरक मला त्या वेळी कळला नाही. पुढे तारा चढल्यावर कळला.

यानंतर जे घडले त्यामुळे मी या कारखान्याविषयी लिहायला बसले. तारा चढवण्याची वेळ आली तेव्हा चाचांनी विचारले, “वाजवणार कोण?” मी बाईंचे नाव सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “तेव्हा त्या काळी चारच्या पट्टीत गायच्या. आता एवढं चढं गात नसतील.” बाई सुमारे तीस वर्षांपूर्वी मिरजेच्या अंबाबाई मंदिरातील नवरात्र संगीत महोत्सवात गायल्या होत्या आणि त्या रात्री मागे ठेवलेले दोन्ही तंबोरे चाचांच्या वडिलांनी लावले होते. चाचा तेव्हा वडिलांसोबत मंचाच्या कडेला बसले होते. बाईंचे नाव, राग किंवा साडीचा रंग लक्षात राहिला असता तर मला नवल वाटले नसते. त्यांच्या लक्षात पट्टी, म्हणजे बाई कोणत्या उंचीच्या ‘सा’वरून गातात ते, राहिली होती. मी फोनवर बाईंचा अलीकडचा रियाज ऐकवला. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि मग काळी तीनच्या, म्हणजे काळी चारहून खालच्या पट्टीच्या, हिशेबाने थोड्या जाड तारा काढल्या.

ज्यांना तंबोऱ्याची ओळख नाही त्यांच्यासाठी याचा अर्थ सांगते. चार तारांपैकी पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या (‘सा’च्या) आणि शेवटची पितळी तार खरजाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची असते. पट्टी उतरवायची म्हणून त्याच तारा नुसत्या सैल केल्या, तर त्या घोडीवर, म्हणजे तबलीवरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यावर, आपटतात, आवाज खरखरतो आणि झंकार टिकत नाही. उतरत्या पट्टीला तारेची जाडी वाढवावी लागते आणि जाडी बदलली की जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याची घासून साधलेली घडण, हीही बदलावी लागते. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी हलका उतार असतो. थरथरणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि त्या स्पर्शातून वरच्या स्वरांची झालर उमटते. कानशीच्या एका जास्तीच्या घासाने ती झालर विरते. तारेखाली सरकवायचे सुताचे टोक हा त्यातला शेवटचा, केसाइतका बारीक हिशेब असतो. चाचांनी बाईंच्या तंबोऱ्याची जवारी लावायला अडीच दिवस घेतले, आणि त्यातला बराचसा वेळ ते कानस न चालवता नुसते तार छेडून ऐकत बसले होते. काम झाल्यावर खरजाच्या तारेतून गांधार इतका स्वच्छ ऐकू आला की, खोलीतली दुसरी कामे आपोआप थांबली.

मिरजेत हे कौशल्य कसे रुजले हे या गावात पुष्कळांना ठाऊक आहे, तरी बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगणे आवश्यक वाटते. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, हत्यारांचे काम घटत चालले असताना, फरीदसाहेबांनी पटवर्धनांच्या मिरज संस्थानात वाद्ये दुरुस्त करण्यापासून सुरुवात केली आणि पुढे तंबोरे व सतारी स्वतः घडवल्या. पोलादाच्या पात्यावर धार किती उरली हे बोटाने ओळखणाऱ्या घराण्याला घोडीचा उतार साधला, यात मला एक सरळ संगती दिसते. अर्थात हा माझा तर्क आहे. त्याहून महत्त्वाचे मला हे वाटते की, या कारागिरांना पारखी ऐकणारे शेजारीच मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते आणि विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे इथेच शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेचेच होऊन गेले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांना दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले, आणि आजही उरुसाच्या वेळी तिथे त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. ज्या गावात असा गवैया सकाळी चालत येऊन ‘जवारी बंद वाटते’ म्हणू शकतो, त्या गावातल्या कारागिराला चूक लपवायला जागा नसते. ती परीक्षा आजही थांबलेली नाही, असे मला या कारखान्यात जाणवले.

उरुसाचे उदाहरण देते. मीरासाहेबांच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला (कबरीवर घालायच्या चादरीला) मान असतो आणि पुढे दर्ग्यात, चिंचेच्या झाडाखाली, संगीत सभा रंगते. चाचा त्या दिवसांत कारखाना जवळजवळ बंदच ठेवतात. गायकांसाठी तंबोरे नेणे, ते लावून देणे आणि रात्री उशिरा पुन्हा आणणे हे काम ते पैसे न घेता करतात. नवरात्रात अंबाबाईच्या मंदिरातही हेच चालते. याला मी दानधर्म म्हणणार नाही, कारण चाचा स्वतः त्याला तसे समजत नाहीत. आपले वाद्य हजार माणसांसमोर, रात्रीच्या गारव्यात, वेगवेगळ्या गळ्यांमागे कसे वागते हे ऐकण्याची ती त्यांची जागा आहे. मी एकदा उरुसात त्यांच्या शेजारी बसले होते. एका गायिकेच्या मागचा डावा तंबोरा मध्यरात्रीनंतर किंचित उतरला; समोरच्या श्रोत्यांपैकी कोणाच्या ते लक्षात आले असेल असे वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तंबोऱ्याच्या दोन खुंट्या निघालेल्या आणि नव्याने घासून बसवल्या जात असलेल्या मी पाहिल्या.

२०२२ च्या ज्येष्ठात जवारी पुन्हा दाखवायला गेले तेव्हा मात्र मला हात हलवत परत यावे लागले. दोन वर्षांच्या खंडानंतर पायी वारी निघणार होती आणि कारखाना भजनी मंडळांच्या वीणांनी भरलेला होता. दोन वर्षे खुंटीला टांगून राहिलेल्या वीणा, कोणाची तार गंजलेली, कोणाच्या भोपळ्याला किडीने भोक पाडलेले. दारात कवठेमहांकाळ आणि जतकडची माणसे बसली होती. चाचांनी मला सांगितले की, आषाढी झाल्याशिवाय तंबोऱ्याला हात लागणार नाही, कारण बाईंचा रियाज दुसऱ्या तंबोऱ्यावर होईल, पण वीणेवाचून दिंडी निघणार नाही. मला त्या वेळी राग आला होता हे कबूल करते. आमचे काम आधी सांगितलेले होते आणि सांगलीहून खेप वाया गेली होती. तरीही त्यांनी लावलेला क्रम मला आज चुकीचा वाटत नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या स्पष्टपणे लिहिते. सर्वांत मोठी अडचण तारखांची आहे. संक्रांतीला मिळणार म्हणून सांगितलेला तंबोरा शिमग्यावर गेला. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, त्याला कोणाचा इलाज नव्हता. पण त्याआधीच दोन वायदे टळले होते आणि दोन्ही वेळा आम्हीच फोन केल्यावर ते समजले. वाद्य अखेर त्या वर्षीच्या दिवाळीत हाती आले. दुसरे म्हणजे, वाद्य जमा करताना लेखी पावती मिळत नाही. चाचांच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण परगावाहून एखाद्याने आजोबांचा तंबोरा ठेवून जायचे तर त्याच्या हातात एक कागद असायला हवा, हे मी त्यांना सांगितले आहे आणि येथेही सांगते. तिसरे, नव्या भोपळ्याचे पॉलिश जुन्या दांडीच्या रंगाशी पूर्ण जुळलेले नाही. गळ्यापाशी सांधा दिसतो. पहिल्या पावसाळ्यात पंचमाची खुंटी सरकू लागली म्हणून पुन्हा मिरजेला जावे लागले, मात्र ते काम समोर बसून विनामूल्य करून मिळाले.

भोपळा, सांधे, नव्या तारा, जवारी आणि पॉलिश मिळून आम्ही ११,५०० रुपये दिले. कामाला लागलेला वेळ पाहता ही रक्कम मला कमी वाटते आणि ती कमी असण्यात एक काळजीची गोष्टही आहे. टाळेबंदीत मैफली बंद झाल्या तेव्हा कारखान्यातला एक तरुण कारागीर दुसऱ्या धंद्यात गेला, तो परत आला नाही. दांडी घडवायला हात दोन-चार वर्षांत तयार होतो, जवारीचा कान तयार व्हायला कित्येक पट अधिक काळ लागतो, आणि तेवढा काळ एखाद्या मुलाने थांबावे अशी मिळकत या कामात त्याला दिसत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा गल्लीत आनंद आहे आणि तो रास्त आहे; बाहेर कुठेतरी जुळवलेले वाद्य ‘मिरजेचे’ म्हणून विकणाऱ्यांना त्यामुळे आळा बसावा. परंतु चाचांच्या नातवाने पटाशी हातात घ्यायची की नाही, हा निर्णय त्या प्रमाणपत्रावर होणार नाही. तो गिऱ्हाईक किती घासाघीस करते यावर अधिक ठरेल, असे मला वाटते. म्हणून माझी विनंती आहे की, किंमत पटली नाही तर तसे सांगून उठावे, पण जवारीच्या मजुरीत सूट मागू नये.

मोबाईलमधला तंबोरा सोयीचा आहे आणि प्रवासात मीही तो वापरते. बाईंच्या घरी मात्र आता तो लावला जात नाही. पुरानंतरचे वर्षभर त्यांनी त्याच्यावर रियाज केला होता आणि त्या काळात आपण स्वराला टेकून गात नसून स्वराच्या शेजारी गात आहोत, असे त्या म्हणत. दुरुस्त झालेला तंबोरा घरी आला त्या संध्याकाळी त्यांनी गाणे म्हटलेच नाही, अर्धा तास नुसता तो छेडत बसल्या आणि मग मिरजेला फोन लावायला सांगून चाचांना विचारले, “काळी तीन कोणी सांगितली तुम्हाला?”

या कारखान्यात जायचे असल्यास सकाळी जावे, कारण जवारीचे काम ते गल्लीतली वर्दळ वाढण्याआधी करतात. उरूस, नवरात्र आणि आषाढीच्या आधीचा महिना टाळावा. जुने वाद्य असेल तर त्याच्या सुटलेल्या तुकड्यांपैकी एकही टाकून देऊ नये, अगदी सूर बारीक लावायचा तारेतला तुटका मणीसुद्धा. आणि जो गाणार आहे त्याला शक्य असेल तर सोबत न्यावे. नव्या तंबोऱ्याची चौकशी करायला आलेल्या माणसाला चाचा किमती सांगण्याआधी ‘सा’ लावायला सांगतात.